पन्नाशीतला पुरुष आणि कॅन्सर: काय घ्यावं याआधी काय सोडावं

१९८५ साली फिनलंडमध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. सिगारेट ओढणारे, ५० ते ६९ वर्षांचे २९,१३३ पुरुष त्यात सामील झाले. आधीच्या पाहण्यांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली होती. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटिन (गाजरासारख्या भाज्यांतला, शरीरात व्हिटॅमिन ए बनणारा पदार्थ) जास्त असतं आणि त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो. मग लोकांच्या ताटात भाजी वाढवत बसण्यापेक्षा बीटा-कॅरोटिनची गोळीच दिली तर? काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी नकली, कुणाला कोणती ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही, असं पाच ते आठ वर्षं चाललं. १९९४ मध्ये निकाल छापून आला आणि सगळेच चक्रावले. खरी गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचे कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाले होते.

योगायोग म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्यांवर आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्यांवर तसाच प्रयोग चालू होता, तो १९९६ च्या जानेवारीत मुदतीआधी बंद करावा लागला. तिथंही गोळीवाल्यांमध्येच कॅन्सर वाढत होता. पुढे ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमची परीक्षा झाली, यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का हे पाहायला. २०११ मध्ये कळलं की नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत तो १७ टक्क्यांनी वाढलाय.

हे सगळं सुरुवातीलाच सांगायचं कारण असं की चाळिशी उलटलेल्या पुरुषाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग काय घेऊ?" गोळी, पावडर, अर्क, काहीही चालेल, पण एकदा घेतलं की विषय मिटला पाहिजे. दुर्दैवानं घेण्यासारखं फारसं काही नाही. सोडण्यासारखं मात्र बरंच आहे, आणि त्यातली एक गोष्ट बाकी सगळ्यांच्या मैलभर पुढे आहे. शिवाय वेळेवर करून घ्याव्यात अशा मोजक्या तपासण्या आहेत. ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्याजोगे आहेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे उरलेले टाळता येत नाहीत. जन्मात कधी सिगारेटला हात न लावलेल्या माणसालाही फुप्फुसाचा कॅन्सर होतो, आणि त्यात त्याचं काहीएक चुकलेलं नसतं. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

आता उशीर झाला का?

कॅन्सर एका रात्रीत होत नाही. पेशी विभागते तेव्हा तिच्या डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. बहुतेक चुका दुरुस्त होतात, काही निरुपद्रवी जागी पडतात. पण वाढीला लगाम घालणाऱ्या किंवा बिघडलेल्या पेशीला मरायला लावणाऱ्या जनुकांमध्ये चूक झाली तर ती टिकते आणि पुढच्या पिढ्यांना जाते. एका चुकीनं भागत नाही. दाराला सहा-सात कड्या असाव्यात आणि सगळ्या निघाल्याशिवाय दार उघडू नये, तसा हा प्रकार आहे. पीटर आर्मिटेज आणि रिचर्ड डॉल यांनी १९५४ मध्ये वयानुसार कॅन्सरचे मृत्यू कसे वाढतात याचं गणित मांडलं, तेव्हा त्यांचंही उत्तर साधारण सहा-सात टप्पे असंच आलं होतं.

मध्यमवयीन माणसाला यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे विशीपासून जे केलं त्याचा हिशेब शरीरात लिहिलेला आहे, तो पुसता येत नाही. दुसरी म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत शेवटच्या कड्या अजून लागलेल्या आहेत. पंचेचाळीस-पन्नासच्या वयात जे थांबवाल त्याचा फायदा साठी-सत्तरीत मिळतो, आणि बहुतेक कॅन्सर नेमके त्याच वयात गाठतात. "एवढी वर्षं झाली, आता सोडून काय उपयोग" हे वाक्य म्हणूनच साफ चुकीचं आहे.

पुरुषांचाच वेगळा विचार कशाला? कारण जे कॅन्सर स्त्री-पुरुष दोघांनाही होतात, त्यातले बहुतेक पुरुषांना जास्त होतात. थायरॉइड आणि पित्ताशय हे ठळक अपवाद. यामागे तंबाखू, दारू आणि धोक्याची कामं ही मोठी कारणं आहेत. काही भाग जैविकही आहे. वय वाढतं तसं पुरुषांच्या रक्तातल्या काही पेशींमधून वाय गुणसूत्रच गळून जातं, आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ते जास्त गळतं. आणखी एक कारण प्रयोगशाळेत मोजायची गरज नाही: पुरुष डॉक्टरकडे उशिरा जातात.

तंबाखू: इथं थोडं थांबू या

जागा कमी असती तर हा लेख एवढ्याच भागाचा लिहिला असता. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात, त्यातली किमान सत्तरेक कॅन्सर घडवणारी म्हणून ओळखली गेली आहेत. लोकांना वाटतं तंबाखू म्हणजे फुप्फुस. पण ही रसायनं रक्तात उतरतात, किडनीत गाळली जातात आणि लघवीसोबत मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. मूत्राशयाच्या निम्म्याच्या आसपास कॅन्सरमागे धूम्रपान असतं ते यामुळे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड, यकृत, किडनी, मोठं आतडं, सगळीकडे त्याचा हात पोचतो. न जाळता चघळलेली तंबाखू फुप्फुसाला सोडते, पण तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंडाला सोडत नाही. आणि तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे. तिच्यामुळे गालाच्या आतलं अस्तर चामड्यासारखं घट्ट होत जातं आणि तोंड पूर्ण उघडेनासं होतं. ते कॅन्सरच्या अलीकडचं पाऊल आहे.

आता सोडण्याबद्दल. १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या सवयींची नोंद करून त्यांचा पाठपुरावा सुरू झाला आणि तो ५० वर्षं चालला. २००४ मध्ये आलेला हिशेब असा: सिगारेट चालूच ठेवणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यातली सुमारे तीन वर्षं परत मिळवली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी नऊ. यात हृदयविकारही धरलाय, नुसता कॅन्सर नाही. पण पन्नाशीतल्या माणसाला सहा वर्षं देणारी दुसरी गोष्ट कुणी दाखवावी.

हे कसं घडतं याचा एक सुंदर धागा २०२० मध्ये हाती लागला. शास्त्रज्ञांनी १६ जणांच्या श्वसनमार्गातल्या पेशी घेतल्या, एकेक पेशी वेगळी वाढवली आणि प्रत्येकीचा डीएनए वाचला. चालू धूम्रपान करणाऱ्यांच्या पेशींमध्ये हजारो जादा बिघाड सापडले. त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते सिगारेट सोडलेल्यांमध्ये. त्यांच्या काही पेशी तशाच पोळलेल्या होत्या, पण २० ते ४० टक्के पेशी जवळपास कधीच न ओढलेल्या माणसासारख्या निघाल्या. अशा पेशींचं प्रमाण चालू धूम्रपान करणाऱ्यांच्या चौपट होतं. बिघडलेला डीएनए आपोआप नीट झाला असं नव्हे. धुराच्या माऱ्यातून वाचलेल्या काही मूळ पेशी कुठंतरी दडून होत्या आणि धूर थांबल्यावर त्यांनी अस्तराची जागा परत व्यापायला सुरुवात केली, असा त्याचा अर्थ लावला जातो. सोडून दहा वर्षं झाली की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत निम्म्यावर येतो, हे आकडेवारीवरून आधीच माहीत होतं. ते का घडत असावं, हे इथं पेशींमध्ये दिसलं.

"सोडत नाही, पण कमी केलंय" हा मधला मार्ग मात्र फसवा आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये रोज किती ओढता यापेक्षा किती वर्षं ओढताय याला जास्त वजन असतं. वीसवरून दहावर आलात तरी वर्षं मोजली जातच राहतात. शिवाय निकोटिनची भूक तेवढीच राहते, मग माणूस नकळत झुरका लांब आणि खोल घेतो. 'लाइट' सिगारेटींनी हेच केलं. फिल्टरला बारीक भोकं पाडून यंत्राच्या मोजणीत टार कमी दाखवलं गेलं, माणसांनी मात्र धूर आणखी खोल ओढला आणि फुप्फुसाच्या आतल्या भागात होणारा ॲडेनोकार्सिनोमा हा कॅन्सर वाढला.

नुसत्या निश्चयावर सोडणारे थोडे, परत सुरू करणारे फार. त्यात कमकुवत मनाचा प्रश्न नाही. निकोटिन सुटल्यावरची चिडचिड, झोपमोड आणि हुरहुर पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असते आणि तीन-चार आठवड्यांत ओसरते. तेवढा पट्टा पार करायला निकोटिनचे पॅच आणि च्युइंगम एकत्र वापरता येतात. व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपियॉन ही औषधं डॉक्टर देऊ शकतात. सोबत समुपदेशन असेल तर यश वाढतं. दोनदा-तीनदा फसणं ही या व्यसनाची नेहमीची चाल आहे. ई-सिगारेटमध्ये जळण्याचा धूर नसतो म्हणून विषारी द्रव्यं कमी असतात, पण तिचा दूरचा हिशेब व्हायला पुरेशी वर्षं गेलेली नाहीत. ज्यानं कधीच ओढली नाही त्यानं ती सुरू करायला काही कारण नाही.

दारू

दारूतलं अल्कोहोल शरीरात मोडताना आधी ॲसिटाल्डिहाइड बनतं. हा पदार्थ थेट डीएनएला चिकटतो, त्याला इजा करतो आणि दुरुस्तीच्या कामातही खो घालतो. १९८८ पासून अल्कोहोल जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर-संशोधन संस्थेच्या पक्क्या कॅन्सरकारकांच्या यादीत आहे. पुरुषांच्या बाबतीत तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत आणि मोठं आतडं या जागा नक्की झाल्या आहेत. बिअर, वाइन, व्हिस्की यांत फरक नाही, मोजायचं ते आतलं अल्कोहोल. रेड वाइनमधल्या अँटिऑक्सिडंटची गोष्ट ऐकायला छान वाटते, पण त्या ग्लासात अल्कोहोल त्याच्या कितीतरी पट असतं.

"थोडी चालते का?" जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट केलं की अमुक प्रमाणाखाली धोका शून्य असं काही नाही. पण थोडीला थोडाच धोका आणि जास्तीला जास्त, हेही तितकंच खरं. महिन्यातून एखादा पेग घेणाऱ्यानं झोप उडवून घेऊ नये. रोज घेणाऱ्यानं मात्र रोज घेणं थांबवावं. आणि सिगारेट-दारू एकत्र असेल तर धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. अल्कोहोल तोंडाघशाच्या अस्तरातून तंबाखूच्या विषाला आत शिरायला वाट करून देतं. चांगली बातमी अशी की दारू कमी केल्यानं किंवा सोडल्यानं तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका उतरतो याचा पुरेसा पुरावा आहे, असा निर्वाळा २०२३ मध्येच दिला गेला.

पोटाचा घेर

चरबी म्हणजे नुसता साठा नाही, ती काम करणारी ग्रंथी आहे. विशेषतः पोटाच्या आत, आतड्याभोवती आणि यकृतात साचलेली. ती दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते. तिच्यामुळे इन्सुलिन नीट लागू पडत नाही, मग शरीर जास्त इन्सुलिन बनवतं, आणि इन्सुलिन हा पेशींसाठी वाढीचा हुकूम असतो. आयुष्यभर रक्तात तो हुकूम चढा राहिला की विभाजनं जास्त, म्हणजे नकलेतल्या चुकाही जास्त. जादा चरबीशी संबंध पक्का झालेले कॅन्सर २०१६ मध्ये १३ मोजले गेले. पुरुषांना लागू होणाऱ्यांत मोठं आतडं, किडनी, यकृत, स्वादुपिंड आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा कॅन्सर हे महत्त्वाचे.

पुरुषांची चरबी पोटावर चढते, त्यामुळे वजनाच्या काट्याइतकंच टेपनं कंबर मोजणं उपयोगी आहे. पट्ट्याचं भोक बदलत गेलं की कळतंच म्हणा. वजन उतरवण्याच्या पद्धतींवर इथं लिहायला लागलो तर लेख हाताबाहेर जाईल. जी पद्धत दोन वर्षांनंतरही चालू राहील ती चांगली.

हालचालीचा फायदा मात्र वजन उतरो न उतरो, मिळतो. स्नायू काम करतात तेव्हा साखर उचलतात, इन्सुलिन खाली येतं, आतड्यातून मळ पुढे सरकायचा वेग वाढतो. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल पण बोलता येईल इतपत चालणं, किंवा त्याच्या निम्मा वेळ जोरकस व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंना ताण, असं माप जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये दिलं. ज्यांना हे वाचूनच थकवा येतो त्यांच्यासाठी ब्रिटनमधला एक अभ्यास आहे. अजिबात व्यायाम न करणाऱ्या २२ हजारांहून जास्त लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधलं होतं. जिने भरभर चढणं, बससाठी पळणं, जड पिशव्या उचलून झपाझप चालणं, असे एकेक मिनिटाचे तुकडे दिवसाला मिळून साडेतीन मिनिटं भरले, त्यांच्यात कॅन्सरचं प्रमाण १७-१८ टक्क्यांनी कमी दिसलं. २०२३ चा हा अभ्यास निरीक्षणाचा आहे. आधीच ठणठणीत माणूसच जिने भरभर चढत असेल, ही शंका त्यातून पूर्ण जात नाही. तरी लिफ्ट सोडायला एवढं पुरे.

मांस आणि टक्केवारीचा घोळ

२०१५ मध्ये सॉसेज, सलामी, बेकन, हॅम अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला त्याच कॅन्सर-संशोधन संस्थेच्या यादीत तंबाखूच्याच गटात, गट १ मध्ये टाकलं गेलं आणि बातम्यांचा धुरळा उडाला. गट १ म्हणजे पुरावा पक्का. धोका तंबाखूइतका मोठा, असा त्याचा अर्थ नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. समजा शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होणार असेल, तर ते पाचचे साधारण सहा होतील. अठरा टक्के ऐकून शंभरातले आणखी अठरा असं वाटतं, तसं ते नसतं. तंबाखूनं फुप्फुसाचा धोका वाढतो तो टक्क्यांत नाही, पटींत. कॅन्सरच्या प्रत्येक बातमीत "कितीवरून किती?" हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. म्हणून प्रक्रिया केलेलं मांस कमी, अख्खं धान्य, डाळी, भाज्या जास्त, एवढं ठेवावं. मोबाइलच्या लहरींची काळजी सोडून द्या. त्यांच्यात डीएनएची साखळी तोडण्याइतकी ऊर्जाच नसते.

जंतूंमुळे होणारे कॅन्सर

याकडे पुरुषांचं सगळ्यात कमी लक्ष असतं. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू वीस-तीस वर्षं यकृतात गुपचूप राहतात. काही दुखत नाही, काही दिसत नाही, आणि मग एक दिवस यकृताचा कॅन्सर निघतो. प्रौढ वयात एकदा तरी दोन्हींची रक्ततपासणी करावी. बी ची लागण झालेली नसेल तर लस मोठेपणीही घेता येते. तैवाननं १९८४ मध्ये नवजात बाळांना ती द्यायला सुरुवात केली आणि पुढे त्या पिढीत यकृताचा कॅन्सर स्पष्टपणे घटला. सी ला लस नाही, पण आता दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त रुग्णांच्या शरीरातून तो कायमचा जातो. लेखाच्या सुरुवातीला "घेण्यासारखं फारसं नाही" म्हटलं, त्याला हा खणखणीत अपवाद.

जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू अल्सर घडवतो हे पटवायला बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो चक्क पिऊन पाहिला होता. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. हाच जीवाणू जठराच्या कॅन्सरचं प्रमुख कारण आहे. वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खाणाऱ्यानं, किंवा घरात कुणाला जठराचा कॅन्सर झालेला असेल त्यानं, याची श्वासाची किंवा शौचाची चाचणी करायची का हे डॉक्टरांना विचारावं. एचपीव्ही हा विषाणू पुरुषांच्या घशात, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी, कॅन्सर करतो. मानेत न दुखणारी गाठ हेच बऱ्याचदा त्याचं पहिलं लक्षण. त्याची लस पन्नाशीत फारशी कामाची नाही, ती लैंगिक संबंध सुरू होण्याआधी द्यायची असते. म्हणजे ती तुमच्या मुलामुलींसाठी.

कामाच्या जागेबद्दल थोडक्यात. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोषाच्या त्वचेचा कॅन्सर काजळीशी जोडला, तेव्हापासून ही यादी वाढतेच आहे: ॲस्बेस्टॉस, सिलिकाची धूळ, डिझेलचा धूर, वेल्डिंगचा धूर, काही रंगरसायनं. ॲस्बेस्टॉसचा परिणाम तीस-चाळीस वर्षांनीही उगवतो. म्हणून नोकरी बदलून जमाना झाला असला तरी जुनं काम डॉक्टरांना सांगा. तेव्हा सिगारेटही होती, तर आवर्जून.

कोणत्या तपासण्या, कोणत्या नाहीत

मोठ्या आतड्याची तपासणी सगळ्यात उजवी, कारण ती कॅन्सर नुसता लवकर शोधत नाही, होण्याआधीच खुडते. आतड्याच्या आतल्या बाजूला आधी पॉलिप म्हणजे छोटा कोंब येतो. त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. कॉलोनोस्कोपीत दुर्बीण आत घालून कोंब दिसला की तिथंच तारेचा फास टाकून काढतात. आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध हाच त्यातला वैतागाचा भाग, तपासणीच्या वेळी बहुतेकांना गुंगीचं औषध दिलेलं असतं. सगळं स्वच्छ निघालं तर पुन्हा दहा वर्षांनी. नको असेल तर दरवर्षी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी 'फिट' चाचणी करता येते, पण तीत रक्त सापडलं तर कॉलोनोस्कोपी टाळायची नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटानं २०२१ मध्ये सुरुवातीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. वडील, आई किंवा भावंडाला हा कॅन्सर झाला असेल तर चाळिशीत, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा.

फुप्फुसासाठी कमी किरणांचा सीटी स्कॅन आहे, पण तो सगळ्यांसाठी नाही. त्याच तज्ज्ञगटाचा निकष असा: वय ५० ते ८०, रोज एक पाकीट या हिशेबानं वीस वर्षं ओढलेलं, आणि अजून चालू किंवा सोडून पंधरा वर्षं झालेली नाहीत. भरपूर ओढलेल्या लोकांत दरवर्षीच्या स्कॅननं फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होतात हे २०११ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसलं. छातीच्या साध्या एक्स-रेनं मृत्यू कमी होत नाहीत. दरवर्षी एक्स-रे काढून निर्धास्तपणे ओढत राहणारे लोक स्वतःची फसवणूक करतात.

प्रोस्टेटचं प्रकरण अवघड आहे. पीएसए ही रक्ताची साधी चाचणी, पण प्रोस्टेट वयानं वाढलं, जंतुसंसर्ग झाला, आदल्या दिवशी वीर्यपतन झालं, तरी आकडा चढतो. आणि खरोखर कॅन्सर निघाला तरी तो मारणारच असं नाही, कित्येक तर जन्मभर निजून राहतात. ब्रिटनमध्ये पीएसएवरून सापडलेला, प्रोस्टेटपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नुसतं लक्ष ठेवणं अशा तीन गटांत वाटलं होतं. १५ वर्षांनी, २०२३ मध्ये, तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेलेले तीनेक टक्केच निघाले. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा जाणं आणि लैंगिक ताठरता जाणं हे मात्र अनेकांच्या वाट्याला येतं. म्हणून पीएसए करू नये असं नाही. ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून, आकडा चढला तर पुढे काय करणार हे आधी ठरवून करावी. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर हे बोलणं लवकर व्हावं, कारण धोका साधारण दुप्पट असतो. आणि "कॅन्सर आहे, पण सध्या नुसतं लक्ष ठेवू" असं डॉक्टर म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत, हेही माहीत असावं.

काहीच तक्रार नसलेल्या माणसाला 'ट्यूमर मार्कर'चं, म्हणजे कॅन्सरमध्ये वाढू शकणारे रक्तातले पदार्थ मोजण्याचं, पॅकेज विकलं जातं, ते माझ्या मते पैसे देऊन विकत घेतलेली धास्ती आहे. सीईए हा मार्कर नुसत्या धूम्रपानानंही वाढतो. सीए १९-९ पित्तनलिकेत खडा अडकला तरी वाढतो. मार्कर मुख्यतः निदान झालेल्या रुग्णाचा उपचार लागू पडतोय का हे पाहायला असतात. आकडा किंचित चढा आला की स्कॅन, मग स्कॅनमध्ये दिसलेल्या कसल्याशा ठिपक्यासाठी बायोप्सी, अशी रांग लागते. ॲस्पिरिनचंही तसंच. बरीच वर्षं घेतल्यास आतड्याचा कॅन्सर कमी होतो असं काही अभ्यासांत दिसलं, पण ती जठरात आणि मेंदूत रक्तस्राव घडवू शकते. स्वतःच्या मनानं सुरू करू नये.

लक्षण दिसलं की तपासणीचे नियम बदलतात

वरच्या सगळ्या वयाच्या अटी काही त्रास नसलेल्या माणसासाठी आहेत. त्रास असेल तर वय बघायचं नाही. तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, आवाज तीन आठवडे बसलेलाच आहे, घास अडकतो, कारण नसताना वजन उतरतंय, मानेत किंवा काखेत गाठ लागतेय, तर थेट डॉक्टर गाठा. छातीवर स्तनाग्रामागे गाठ आली तरीही, कारण स्तनाच्या कॅन्सरचे शंभरातले एखाददुसरे रुग्ण पुरुष असतात. शौचातून रक्त गेलं की पुरुष ते मूळव्याधीच्या नावावर टाकून मोकळे होतात. मूळव्याध असेलही, पण ती आहे म्हणून आत वर दुसरं काही नाही असं सिद्ध होत नाही. शौचाची रोजची सवय काही आठवडे बदललेली असेल तर ते रक्त आणखी गंभीरपणे घ्यायचं.

आणि लघवीतून रक्त. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये ते बहुधा अजिबात न दुखता येतं, एकदा-दोनदा दिसतं आणि आपोआप थांबतं. पुढचे दोन महिने लघवी पाण्यासारखी स्वच्छ. थांबलं म्हणजे बरं झालं असं समजून डॉक्टरांची ठरलेली अपॉइंटमेंट रद्द होते, आणि रक्त पुन्हा दिसेपर्यंत गाठ अस्तरातून खाली स्नायूत गेलेली असू शकते. वरवरची गाठ मूत्रमार्गातून दुर्बिणीनं खरवडून काढता येते. स्नायूत गेल्यावर अनेकदा अख्खं मूत्राशय काढावं लागतं. तेव्हा रक्त एकदाच दिसलं असलं, तरी सोनोग्राफी आणि युरॉलॉजिस्टची भेट ठरल्याप्रमाणे होऊ द्या.